रविवारची रपेट

१८६९ च्या फेब्रुवारीत जॉन मेयॉल नावाच्या गृहस्थांनी लंडनहून ब्रायटनला सायकलवर जायचा घाट घातला. अंतर पन्नासेक मैल. सायकल म्हणजे पॅरिसहून नुकतीच आलेली चीज : लाकडी चाकं, त्यांना लोखंडी धावा, पायडल थेट पुढच्या चाकाला. ब्रेकबिक नावालाच. मेयॉल पोचले तेव्हा सोळा-एक तास उलटले होते. लंडन-ब्रायटन रेल्वे १८४१ पासून धावत होती आणि तिनं हा माणूस दोन तासांत समुद्रावर गेला असता. म्हणजे पोचण्याची घाई त्याला नव्हती. जाण्याचीच हौस होती. दिवसभर गावाबाहेर सायकल हाणायची आणि रात्री घरी येऊन पाय शेकायचे, हा जो इंग्रजांचा पुढे राष्ट्रीय छंद झाला, त्याच्या आरंभी असा एक हाडं खिळखिळी करून घेणारा माणूस आहे.

छंदाला नुसतं वाहन पुरत नाही. मोकळा रस्ता लागतो, मोकळा दिवस लागतो, आणि वाटेत चहा-भाकरी देणारं कुणीतरी लागतं. इंग्लंडात या गोष्टी एकामागोमाग जुळून आल्या. रस्ता रेल्वेनं मोकळा केला. स्टेजकोच बंद पडल्या, त्यांच्या घोड्यांचे तबेले ओस पडले, हमरस्त्यांवरच्या सराया माशा मारत बसल्या. मोकळा दिवस कायद्यानं दिला. १८५० च्या कारखाना कायद्यानं कापडगिरण्यांतल्या बायका-मुलांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबलं, आणि हळूहळू ती अर्धी सुट्टी इतर धंद्यांतही पसरली. १८७१ मध्ये बँक हॉलिडे आले. रविवार होताच, पण तो चर्चचा. प्रार्थना बुडवून सायकलवर भटकणाऱ्या पोरांवर पाद्री पुढची तीस-चाळीस वर्षं कातावत राहिले.

राहिलं वाहन. १८७० च्या दशकात पुढचं चाक पुरुषभर उंच आणि मागचं पावशेर, अशी गाडी आली. ती वेगवान होती, पण दगड लागला की स्वार डोक्यावर आपटायचा. किंमतही कारकुनाला परवडेल अशी नव्हती. त्यामुळे सुरुवातीचे स्वार तरुण, धट्टेकट्टे आणि खाऊनपिऊन सुखी घरचे. ते क्लब काढायचे, गणवेश घालायचे आणि रांगेनं निघताना पुढचा गडी बिगूल वाजवायचा. गावकऱ्यांना हा प्रकार अजिबात रुचला नाही. पोरं चाकात काठ्या घालायची, कुत्री सोडली जायची. १८७६ मध्ये लंडन-सेंट अल्बन्स रस्त्यावर एका घोडागाडीच्या सारथ्यानं सायकलवाल्याला चाबकानं फोडलं आणि गाडीवरच्या रखवालदारानं दोरीला बांधलेला लोखंडी गोळा त्याच्या आऱ्यांत फेकला. दोघांना दंड झाला. रस्ता नेमका कुणाचा, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

या वादावर इंग्रजांनी काढलेला तोडगा मला त्यांच्या सायकलीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांनी संघटना केली. ५ ऑगस्ट १८७८ रोजी हॅरोगेटच्या मेळाव्यात स्टॅन्ली कॉटरेल या तरुणाच्या पुढाकारानं ‘बायसिकल टूरिंग क्लब’ स्थापन झाला. १८८३ मध्ये त्याचं नाव ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ झालं. या क्लबनं शर्यती लावल्या नाहीत. तो सरायांच्या मालकांशी बोलला : आमच्या सभासदाला ठरल्या दरात जेवण आणि खोली द्या, आम्ही तुमच्या दारावर आमची पंखवाल्या चाकाची पाटी लावू आणि गिऱ्हाईक पाठवू. गावोगावी एकेक प्रतिनिधी नेमला, त्याला रस्ता कसा आहे, लोहार कुठे आहे हे ठाऊक असायचं. धोकादायक उतारांच्या डोक्यावर ‘जपून’ सांगणारे फलक उभे राहिले. मोटार यायच्या आधीची ही गोष्ट आहे. आज प्रत्येक घाटात दिसणाऱ्या इशाऱ्याच्या पाटीचे आद्य पुरस्कर्ते सायकलवालेच. १८८६ मध्ये त्यांनी रस्ते सुधारणेसाठी वेगळी संस्था काढली आणि १८८८ च्या स्थानिक स्वराज्य कायद्यानं सायकल ही ‘गाडी’ ठरून तिचा रस्त्यावरचा हक्क पक्का झाला.

सराया पुन्हा जिवंत झाल्या. लंडनच्या नैर्ऋत्येला सरे परगण्यात रिप्ली नावाचं खेडं आहे. तिथल्या ‘अँकर’ सराईत दर रविवारी एवढे सायकलवाले उतरायचे की त्या रस्त्याला ‘रिप्ली रोड’ म्हणून तीर्थक्षेत्राच्या वाटेची प्रतिष्ठा आली. सराई चालवणाऱ्या डिबल भगिनींवर या पोरांचा इतका जीव की त्यांच्या स्मरणार्थ गावच्या चर्चमध्ये सायकलवाल्यांनी रंगीत काचेची खिडकी बसवली. पाद्र्याची प्रार्थना बुडवणाऱ्यांनी पाद्र्याच्याच भिंतीला खिडकी द्यावी, यात एक गंमत आहे.

मग दोन शोध पाठोपाठ लागले. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्लीनं सारख्या चाकांची, साखळीनं मागचं चाक फिरवणारी ‘रोव्हर’ बाजारात आणली. आज आपण चालवतो ती सायकल हीच. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. आता सायकलवर चढायला शिडीची कसरत नको आणि उतरल्यावर कंबर चोळायला नको. १८९५ ते ९७ या काळात तर वेडच लागलं. उमराव घरच्या स्त्रिया सकाळी बग्गीतून बॅटरसी पार्कात सायकल घेऊन येऊ लागल्या. १८९९ मध्ये टूरिंग क्लबची सभासदसंख्या ६०,४४९ वर गेली. एडवर्ड एल्गारसारख्या संगीतकारानं १९०० च्या सुमारास सनबीम सायकल घेतली आणि मॉल्व्हर्नच्या टेकड्यांभोवती मैलोन्‌मैल भटकायला सुरुवात केली. पुढे त्यानं आपल्या सायकलचं नाव ‘मिस्टर फीबस’ ठेवलं होतं.

बायकांचा प्रश्न मात्र पार्कात सुटणारा नव्हता. २७ ऑक्टोबर १८९८ रोजी लेडी हारबर्टन ही वयस्क बाई सायकलवरून सरेतल्या ऑकम गावी ‘हॉटबॉय’ नावाच्या हॉटेलात पोचली. स्त्रियांनी घोळदार झगे सोडून सोयीचे कपडे घालावेत म्हणून ती १८८१ पासून चळवळ करत होती. त्या दिवशी तिच्या अंगात लांब कोट आणि खाली ढगळ तुमान होती. तिनं जेवण मागितलं. मालकीण मिसेस स्प्रेग यांनी तिला पाहिलं आणि सांगितलं, या वेषात बायकांच्या दालनात जागा मिळणार नाही, दारूच्या गुत्त्यालगतच्या खोलीत बसा. त्या खोलीत धूर कोंडला होता आणि पुरुष बसले होते. लेडीसाहेब तिथं बसल्या नाहीत, उपाशी पुढे गेल्या. विशेष म्हणजे या हॉटेलावर टूरिंग क्लबची पाटी होती. क्लबनं मालकिणीवर खटला भरला. एप्रिल १८९९ मध्ये तो चालला आणि क्लब हरला : खोली द्यायला नकार नव्हता, फक्त दुसरी खोली देऊ केली होती, असं ज्यूरीनं धरलं. पण वर्तमानपत्रांनी महिनाभर हा विषय चघळला आणि तुमान घालून सायकलवर निघालेली बाई ही हळूहळू रोजची गोष्ट झाली. आपल्याकडच्या नऊवारीच्या कासोट्याला सायकल कधीच अडली नसती. आपल्याकडे आड आली ती माणसांची नजर.

१८९७ नंतर सायकलींचा बाजार कोसळला. कारखाने बुडाले, भाव उतरले आणि उमरावांचं वेड ओसरलं तिथून कामगारांचं सुरू झालं. बर्मिंगहॅममध्ये १८९४ मध्येच ‘क्लॅरियन’ या समाजवादी साप्ताहिकाच्या वाचकांनी सायकल क्लब काढला होता. रविवारी खेड्यात जायचं, पत्रकं वाटायची, चौकात भाषण ठोकायचं आणि मग झाडाखाली डबा खायचा. क्रांती आणि सहल यांचा एवढा सुखाचा संसार क्वचितच झाला असेल. धुरानं काळवंडलेल्या बर्मिंगहॅम-मँचेस्टरच्या माणसाला त्याच्याच देशातली कुरणं, ओढे, दगडी पूल पाहायला मिळाले ते अशा सायकलींवरून.

आता याच वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं ते पाहू. सायकल इथे उशिरा आली, असा एक समज आहे. तो खरा नाही. डनलॉपनं पेटंट घेतलं त्याच १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलींचं दुकान सुरू झालं. लक्ष्मणराव मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. ते तिथून सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवायचे आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या विकायचे. गिऱ्हाइकाला चालवायला शिकवणं हाही धंद्याचाच भाग, त्याची फी पंधरा रुपये. सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये. नांगर, पंप, किर्लोस्करवाडी हे सगळं पुढचं. महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगाचं एक मोठं घराणं असं सायकलच्या दुकानातून उभं राहिलं.

मोकळा दिवसही आपल्याला जवळजवळ त्याच वेळी मिळाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज दिला. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

सायकल आली, रविवार आला. रपेट का आली नाही? हिशेब सोपा आहे. गिरणी कामगाराला महिन्याला दहा-पंधरा रुपये मिळत. सातशे रुपयांची सायकल म्हणजे त्याचा चार-पाच वर्षांचा अख्खा पगार. रामूअण्णांची नुसती शिकवणीची फी महिन्याच्या पगाराएवढी. लोखंड्यांनी मिळवून दिलेल्या रविवारी तो कपडे धुवायचा, भजनाला जायचा, गावाकडच्या माणसाला पत्र लिहवून घ्यायचा. तो विश्रांतीचा दिवस होता, आणि बारा तास साच्यावर उभं राहणाऱ्याला विश्रांतीच हवी असते.

शिवाय रस्ता. या गिरण्यांत कोकणातली, आमच्या महाड-पोलादपूरकडची माणसं पुष्कळ होती. त्यांची मुंबईची वाट पाण्यातून जायची : सावित्रीच्या खाडीतून होडीनं बाणकोटकडे आणि तिथून समुद्रमार्गे. घाटावर जायचं तर पायवाटा. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाबळेश्वराहून आंबेनळी घाटाचा गाडीरस्ता खाली पोलादपूरकडे उतरवला आणि मुंबईचे गव्हर्नर फिट्झगेराल्ड यांचं नाव त्याला दिलं, पण तो साहेबांना थंड हवेच्या ठिकाणी चढवायला आणि कोकणातला माल वर न्यायला. महाडजवळ सावित्रीवर दगडी कमानींचा पूल झाला तो १९२८ मध्ये. हाच पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस. टी. गाड्याही. इंग्लंडात जुने रस्ते सायकलची वाट पाहत पडले होते. इथे डोंगरातून रस्ताच नवा काढायचा होता, आणि तो निघाला तोवर मोटार आली होती.

म्हणून मराठी मुलखात सायकल रमली ती पठारावर आणि कामावर. पुणं हे तिचं माहेर. कारकून, मास्तर, पेपरवाले, दूधवाले, कॉलेजातली मुलं-मुली सगळे सायकलवर. नगरपालिकेचा कर भरून घेतलेला बिल्ला, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसली की शिट्टी मारणारा पोलीस, कॅरिअरला करकचून बांधलेला डबा : पुण्याची दोन पिढ्यांची आठवण या तपशिलांत आहे. ज्याच्याकडे सायकल नाही त्याला ती तासाच्या भाड्यानं मिळायची. रपेटीचा जो काही पुणेरी अवतार होता तो या भाड्याच्या सायकलींवर वाढला. सुट्टीच्या पहाटे दोन-चार मित्र निघायचे, खडकवासला, सिंहगडाचा पायथा, सायकली ओळखीच्या माणसाकडे टेकवून गड चढायचा, दही-भाकरी खाऊन उन्हं कलती झाली की परत. याला क्लब नव्हता, पाटी नव्हती, सभासदांची यादी नव्हती. त्यामुळे याचा इतिहासही कुणी लिहून ठेवला नाही. लिहिलं गेलं ते मोठ्या साहसांचं. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रवासाला सायकलवर निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं सुमारे ७१,००० किलोमीटर तोडून १८ मार्च १९२८ ला परतले. त्यांनी वाळवंटं ओलांडली, आल्प्स चढले. साहसाला प्रसिद्धी मिळते. रविवारच्या सहलीला ती मिळत नाही, पण समाज किती निवांत झाला आहे हे कळतं ते सहलीवरून.

स्वातंत्र्यानंतर मद्रास, आसनसोल, सोनीपत, लुधियाना इथल्या कारखान्यांतून देशी सायकली निघू लागल्या आणि ती अखेर सामान्याच्या आवाक्यात आली. पण तिचं रूप वजनदार, काळं, चोवीस-बावीस इंची, एका गिअरचं. धान्याचं पोतं वाहायला उत्तम, घाट चढायला शिक्षा. लग्नात सासऱ्यानं जावयाला द्यायची ती ‘वस्तू’ झाली.

तिकडे इंग्लंडात चक्र उलटं फिरलं. १९४९ मध्ये तिथली माणसं वर्षाला सुमारे २४ अब्ज किलोमीटर सायकल चालवत होती. पुढच्या वर्षी पेट्रोलचं रेशनिंग उठलं, मोटारी वाढल्या, आणि १९७३ पर्यंत हा आकडा चार अब्जांच्या आत आला. ज्या रस्त्यांची डागडुजी सायकलवाल्यांनी मागितली होती त्या गुळगुळीत रस्त्यांवरून त्यांनाच हाकलून दिलं गेलं. पुनरुज्जीवन झालं तेही मोडीतून. १९६० च्या दशकात बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून तिथे सायकलवाटा करायची टूम १९७७ मध्ये ब्रिस्टलच्या काही कार्यकर्त्यांनी काढली. ब्रिस्टल ते बाथ ही वाट स्वयंसेवकांनी घाम गाळून बांधली आणि १९९५ नंतर लॉटरीच्या पैशातून देशभर जाळं विणलं गेलं. रेल्वेनं मोकळे केलेले रस्ते सायकलनं घेतले होते. शंभर वर्षांनी रेल्वेची जागाही घेतली.

महाराष्ट्रात खरी रपेट सुरू झाली ती गेल्या पंधरा-वीस वर्षांत, आणि तिच्यात एक विरोधाभास आहे. कामाची सायकल रस्त्यावरून हटली, पुण्यात तिची जागा स्कूटरनं घेतली, आणि मग हौसेची सायकल आली. हलकी, वीस-बावीस गिअरची, आणि किंमत पुन्हा एखाद्याच्या वर्षाच्या कमाईएवढी. रामूअण्णांच्या गिऱ्हाइकापाशी आपण फिरून आलो. पुणे, मुंबई, नाशिक, सातारा, कोल्हापूर इथे गट झाले, फ्रेंच पद्धतीच्या ‘ब्रेव्हे’ सुरू झाल्या : दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे किलोमीटर चाळीस तासांत, शिक्का मारून घ्या आणि पुढे चला. नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी शर्यत जोडीनं पूर्ण केली. पुण्याची वेदांगी कुलकर्णी शिकायला इंग्लंडात बोर्नमथला गेली, आणि २०१८ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी १५९ दिवसांत २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा एकटीनं करून आली. लेडी हारबर्टनला उपाशी पाठवलं त्याला तेव्हा एकशेवीस वर्षं झाली होती.

शहरातून निघालेल्या या स्वारांना सह्याद्रीचा पश्चिम उतार खुणावतो, त्यात आमचा मुलूख येतो. पुण्याहून भोरमार्गे वरंधा घाट उतरून महाड साधारण सव्वाशे किलोमीटर. पोलादपूरहून आंबेनळी चढून महाबळेश्वर चाळीस किलोमीटर, पण त्यात समुद्रसपाटीजवळून तेराशे मीटरवर जायचं असतं. हमरस्त्यानं कशेडी घाटातून दक्षिण कोकणात उतरणारे वेगळे, पण त्या रस्त्यावर ट्रकांची रांग असते आणि तिथे रपेटीची मजा नाही. मजा आहे ती फाटे फुटतात तिथे. पोलादपूरहून कापडेमार्गे उमरठ आणि पुढे चंद्रगडाच्या पायथ्याचं ढवळे, हा असाच आतला रस्ता आहे. दोन्हीकडे डोंगर, मधे भातखाचरं, उन्हाळ्यात करवंदीची जाळी. इंग्लंडात ज्याला ‘लेन’ म्हणतात त्याचा हा कोकणी भाऊबंद.

उमरठला जाणारा प्रत्येक जण तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपुढे थांबतो. बाजूलाच शेलारमामांचीही समाधी आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा, म्हणजेच सिंहगड, घेताना तानाजी पडले, आणि त्यांचा देह पालखीतून या गावी आणला गेला तो मढे घाटानं. वेल्ह्याच्या बाजूनं केळदहून उतरणारी ती वाट आजही पायवाटच आहे. सायकल तिथून उतरवायची तर खांद्यावर घ्यावी लागेल. पुण्याचा स्वार सिंहगडाच्या पायथ्यावरून निघाला तरी उमरठला येताना तो मावळ्यांची वाट धरू शकत नाही, इंग्रजांनी आखलेल्या घाटानं वळसा घालून येतो.

आणि रिप्लीच्या ‘अँकर’चं काय? इथे अजून ती उभी राहिलेली नाही. पंखवाल्या चाकाची पाटी कुठे नाही, ठरल्या दराचं जेवण नाही. गावात शिरलात की कुणीतरी पाणी विचारतं, घरात चूल पेटलेली असेल तर चहा होतो, पैसे देऊ केले तर लाजून नाही म्हणतात. पाहुणचार म्हणून हे थोर आहे, पण पाहुणचारावर रोज वीस माणसं जेवत नाहीत. माझ्या मते टूरिंग क्लबनं १८७८ नंतर केलं तेच इथल्या सायकल गटांनी करायला हवं : महागड्या सायकलींचे फोटो काढून परत जाण्याऐवजी कापडे, उमरठ, ढवळे या गावांतल्या दोन-तीन घरांशी आगाऊ बोलावं, तांदळाची भाकरी, पिठलं, ताक यांचा दर ठरवावा आणि महिन्याला किती माणसं येतील ते सांगावं. हे काम हाती घ्यायला महिला बचत गट गावोगाव आहेतच.

मोसम सांगायचा तर दसऱ्यानंतर ते होळीपर्यंत. पावसाळ्यात दरडी कोसळतात, वरंधा घाट तर प्रशासन बऱ्याचदा बंदच ठेवतं. तानाजींची पुण्यतिथी माघ वद्य नवमीला येते. पहाटे गारवा असतो, नद्यांना अजून पाणी असतं. उमरठला त्या दिवशी गर्दी होते, तेव्हा सायकल घेऊन यायचं तर आदल्या दिवशी पोलादपूरला मुक्काम करून उजाडायच्या आत निघावं.